माझं वय सरकारला विचारा

मागच्या महिन्यात इथे बेंगळूरात महादेवपुऱ्याकडच्या मराठी मंडळाने माझा सत्कार केला. मंडळी सगळी पुण्या-नागपूरकडची, कॉम्प्युटरवाली, माझ्या मुलाच्या ओळखीची. शाल दिली, नारळ दिला. माइकवरची मुलगी म्हणाली, "आजोबा फक्त पंधरा वर्षांचे असताना, वय लपवून सैन्यात भरती झाले आणि एकाहत्तरच्या युद्धात गेले. किती इन्स्पायरिंग आहे ना!" टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेतल्या एकाने शिट्टीसुद्धा मारली.

मला बोलायला पाच मिनिटं दिली होती. मी आईपासून सुरुवात केली. आता सुईणीपाशी येतो तोच ती मुलगी कानाशी येऊन हळूच म्हणाली, "आजोबा, स्नॅक्स गार होतायत." मी खाली बसलो. नंतर सगळे माझ्याबरोबर फोटो काढून घेत होते तेव्हा मला कुणाच्या तरी थोबाडीत द्यावीशी वाटत होती, पण ती माणसं चांगली होती. त्यांचा काय दोष.

मला तिथे एकच गोष्ट सांगायची होती. माझी आई खोटं बोलली नव्हती. मी बोललो होतो. ते तिथे राहिलं, म्हणून इथे लिहितो. तिसरीपर्यंत शिकलोय, तेव्हा लिहिणं जसं येईल तसं.

आमचं गाव बेंगळूरच्या बाहेर, आनेकलजवळ. आमचे पूर्वज तीन-चारशे वर्षांपूर्वी घोड्यावर बसून, तलवार घेऊन इकडे आले, असं मामा सांगायचा. ती तलवार कुणी पाहिली नव्हती. घोडाही नव्हता. माझे वडील दुसऱ्याच्या मागावर रेशीम विणायचे आणि मी सहा वर्षांचा असताना खोकून खोकून गेले. आई रेशमाचे कोष उकळत्या पाण्यातून काढायची. तिच्या बोटांची टोकं कायम पांढरी, सोललेली असायची. मी तिसरीत मास्तरांच्या छडीला हात लावून ती धरून ठेवली, सोडलीच नाही, म्हणून घरी पाठवलं. परत गेलो नाही. माफी माग म्हणाले होते.

मामा फौजेतून हवालदार होऊन परत आलेला. त्याला मुलगा नव्हता. रोज संध्याकाळी कट्ट्यावर बसून मला बघायचा आणि लोकांना म्हणायचा, "आमच्या घराण्यातला हा पहिला, जो बायकांबरोबर कोष निवडतो." हे मला लागायचं. त्याला ते ठाऊक होतं.

एक दिवस तो मला घेऊन बेंगळूरला भरतीला गेला. त्याआधी महिनाभर त्याने माझ्या ओठांवरून रोज वस्तरा फिरवला होता, लव राठ व्हावी म्हणून. सकाळी मोजून एक डझन केळी खायला घातली आणि वर दोन लोटे पाणी, वजन भरावं म्हणून. "ओकलास तर बघ," म्हणाला. जन्मतारीख पाठ करून घेतली. ती तारीख त्याने स्वतः ठरवली होती, त्याच्या लग्नाची होती, फक्त साल वेगळं. "विसरलास तर माझं लग्न आठव." फौजेतल्या जुन्या माणसाने हमी घेतली की त्या वेळी फार विचारत नसत. बाहेर युद्धाची बोलणी चालूच होती. मामा म्हणाला अठरा पूर्ण, बाबूने लिहिलं अठरा पूर्ण. मी पंधराचाही पुरता नव्हतो.

मला कुणी जबरदस्ती केली नाही, हेही लिहितो. मी खूश होतो. बूट मिळाले होते.

आईला मामाने सांगितलं, शहरात कारखान्यात लावलाय, रजा मिळत नाही. तिने आठ महिने ते खरं मानलं. मग आमच्या गल्लीतल्या एकाने मला सुट्टीच्या दिवशी बस स्टँडवर वर्दीत पाहिलं आणि गावात जाऊन सांगितलं.

आमचं ट्रेनिंग बेंगळूरातच चाललं होतं. पूल बांधायचे, सुरुंग पेरायचे, काढायचे. कसम परेड, म्हणजे शपथेची परेड, झाली की आम्हाला सरहद्दीवर पाठवणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्याच्या दहा-बारा दिवस आधी, सकाळच्या कवायतीच्या मध्येच, मला ऑफिसात बोलावणं आलं. ऑफिस गेटच्या शेजारी. बाहेर माझी आई उभी होती, आणि तिच्याबरोबर आमच्या गावची सुईण.

आता हसू येईल तुम्हाला. कोर्टात वकील नेतात तशी आईने सुईण आणली होती. तिच्या दृष्टीने वयाचा याहून मोठा पुरावा नव्हता. कागद होता कुणाकडे? माझा जन्म झाला तेव्हा खोलीत दोनच माणसं होती, आई आणि ती. दोघी आल्या होत्या.

आम्हा तिघांना आत घेतलं. साहेब टेबलामागे होते, मेजर होते तेव्हा, तरुण. बाजूला बाबू. आमची ट्रेनिंगची टोळी कवायत थांबवून खिडकीबाहेर सावलीत बसवलेली, त्यांना सगळं ऐकू जात होतं.

बाबूने आईला विचारलं, "लड़का कब पैदा हुआ?"

आईला हिंदी येत नव्हती. मी मराठीत सांगितलं. ती म्हणाली, "मन्मथ संवत्सर. माघ. रथसप्तमीच्या दुसऱ्या दिवशी."

बाबूने पेन खाली ठेवलं. "ये कौन सा साल है, अम्मा?"

"मन्मथ," आई परत म्हणाली, जरा मोठ्याने, त्याला ऐकू येत नसेल असं समजून. आमच्याकडे सगळे असंच सांगतात. देवळात पंचांग वाचतात त्यात असतं. बाबू उत्तरेकडचा. त्याने साहेबांकडे बघून खांदे उडवले.

मग सुईण पुढे झाली. तिला कानडी आणि मराठी दोन्ही यायच्या आणि आवाज असा की पलीकडच्या रस्त्यावर जावा. "स्वामी, या हातांनी काढलंय याला. त्याच वर्षी जत्रेत रथाचा आस मोडला होता, सगळ्या तालुक्याला विचारा. पाय आधी आले याचे! पाय बाहेर, डोकं आत, मी म्हटलं गेलं पोर. उलटा धरून पाठीवर मारलं तेव्हा रडला. पायाळू आहे हा, पायाळू! सोळा वर्षं पण झाली नाहीत अजून, दूध सुकलं नाही ओठांवरचं."

खिडकीबाहेर टोळी हसायला लागली. आधी एक, मग सगळे. त्यात कोल्हापूरकडचे दोघे होते, त्यांना पायाळू शब्द कळला, त्यांनी बाकीच्यांना हिंदीत समजावला. कुणीतरी रडणाऱ्या बाळाचा आवाज काढला.

साहेब हसले नाहीत. ते माझ्याकडे बघत होते. हिंदीत म्हणाले, "ही तुझी आई आहे ना?"

"होय साब."

"ती म्हणते तू लहान आहेस. तू लहान असशील तर मी आज तुला तिच्याबरोबर घरी पाठवीन. तुला काही शिक्षा होणार नाही. मोठा झालास की परत ये. सांग. वय किती?"

आई माझ्याकडे बघत होती. तिला शब्द कळत नव्हते, पण काय विचारलं ते कळलं होतं.

मी म्हणालो, "साब, अठरा पूर्ण. माझे वडील गेल्यापासून हिच्या डोक्याचं ठीक नाही. काहीही बोलते. गावात सगळ्यांना माहीत आहे."

हे मी हिंदीत म्हणालो. आईला कळलं नसतं. पण सुईण शेजारी होती, तिला तोडकंमोडकं समजायचं. तिने आईच्या कानात सांगितलं. माझ्यासमोर सांगितलं.

आई रडली नाही. आरडाओरडा केला नाही. तिने पदर डोक्यावरून नीट घेतला, खाली ठेवलेला डबा उचलला आणि सुईणीला म्हणाली, "चला अक्का, बस जाईल." साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं. मी सॅल्यूट मारून परत कवायतीला गेलो. त्या दिवशी माझे पाय सगळ्यांत वर उचलले गेले असतील.

दोघी बसने गावी गेल्या आणि सुईणीने आठवडाभरात सगळ्या गावाला सांगितलं की पोराने आईला वेडी ठरवलं. काही बायका नंतर आईला गमतीने तसं म्हणायच्याही.

सुईणीचं एक वाक्य मात्र माझ्याबरोबर गाडीत बसून वाळवंटापर्यंत आलं. पायाळू माणसाला जमिनीखालचं दिसतं, पुरलेलं धन सापडतं, असं आपल्याकडे मानतात. कानडी लोकांतही मानतात. आमच्या कंपनीत कोलारकडचा एक नाईक होता, तिशीतला, सुरुंगाच्या कामात सगळ्यांत जाणता. त्याने टोळीतल्या पोरांकडून ही गोष्ट ऐकली आणि मला आपल्या जोडीला मागून घेतलं.

"खरंच पाय आधी आले का रे तुझे?" पहिल्याच दिवशी विचारलं त्याने.

"होय अण्णा."

"मग सरी. माझ्याबरोबर राहा, मगा. धनाचं सोड, एवढे सुरुंगाचे डबे दिसले तरी पुरे."

सरी म्हणजे बरं, मगा म्हणजे पोरा. तो मला शेवटपर्यंत मगाच म्हणाला. तो निम्मं थट्टेत बोलायचा, निम्मं खरं मानायचा. मी पूर्ण खरं मानायला लागलो. मला तेवढंच हवं होतं. इतके दिवस हसायची गोष्ट होती ती आता मानाची झाली. कुणी विचारलं, "काय पायाळू, इथे काही आहे का?" की मी डोळे बारीक करून वाळूकडे बघायचो आणि सांगायचो. दोन-चार वेळा बरोबर निघालं. रोज तेच काम करणाऱ्या कुणाचंही निघालं असतं.

लढाईचं फार लिहीत नाही. तेरा-चौदा दिवस. तोफांचे गोळे पडायला लागले त्या पहिल्या दिवशी माझी पँट ओली झाली आणि नाईकाने आपल्या बाटलीतलं पाणी माझ्यावर ओतून सगळ्यांना सांगितलं, "माझ्या हातून सांडलं." बायोनेट, हल्ला, असलं काही माझ्या वाट्याला आलं नाही. माझ्या वाट्याला ओझं आलं. मंडळातल्या मुलीला मी हे आधी फोनवर सांगितलं होतं, तर ती म्हणाली, "ते नको आजोबा, एखादा थरारक प्रसंग सांगा ना."

थरारक प्रसंग लढाई संपल्यावर घडला. आपणच पेरलेले सुरुंग परत काढायचे होते. ती शेतं होती लोकांची, त्यांना परत यायचं होतं. नकाशावर प्रत्येक ओळीत किती पेरले ते लिहिलेलं असायचं. नाईक पोटावर सरकत सळईने वाळू टोचत सुरुंग शोधायचा आणि निकामी करायचा. मी मागून ते उचलून दूर ढिगाकडे न्यायचे आणि मोजायचे. ढीग सगळ्या जोड्यांचा एकच, त्यामुळे तिथे मोजून उपयोग नाही. मोजणी माझ्याकडे. मला आकडे धड लक्षात राहत नसत, म्हणून मी डाव्या खिशात खडे ठेवायचो आणि एक सुरुंग नेला की एक खडा उजव्या खिशात टाकायचो. रीत चांगली होती. नाईकालाही आवडली होती.

त्या दिवशी थंडी अशी होती की बोटं लाकडासारखी झालेली. आणि माझ्या उजव्या खिशात शेंगदाणे होते. आदल्या दिवशी मिळालेले, मी पुरवून खात होतो. येता-जाता एक दाणा तोंडात टाकायचो. मध्येच एकदा दाताखाली खडा आला, मी थुंकून टाकला. तो एकच थुंकला की आधी एखादा वाळूत पडला, की चुकून खडा समजून दाणा मोजला, मला ठाऊक नाही. आजही ठाऊक नाही.

ओळ संपली. नाईक उठून बसला, हात चोळले. "किती?"

नकाशावर अठ्ठावीस होते, सकाळी त्यानेच सांगितलं होतं. माझ्या खिशात खडे आणि दाणे मिसळलेले. मला म्हणायला हवं होतं, अण्णा, मोजणी चुकली. तो दोन शिव्या देऊन परत पोटावर झोपला असता आणि ओळ पहिल्यापासून टोचत गेला असता. तासभर लागला असता.

"अठ्ठावीस," मी म्हणालो.

तो हसला. "आणि तुझं काय म्हणणं? बघ स्वल्प. आहे का काही खाली?"

मी डोळे बारीक केले. ओळीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली, हे सगळं मी केलं, आणि म्हणालो, "काही नाही अण्णा. साफ."

तो ओळ ओलांडून पलीकडे निघाला. चौथ्या-पाचव्या पावलावर त्याचा डावा पाय गेला.

मी त्याच्यापासून आठ हातांवर होतो. मला खरचटलंसुद्धा नाही. त्याला स्ट्रेचरवर घातला तेव्हा तो माझी मान धरून म्हणाला, "मगा, तुला लागलं नाही ना?" चौकशी झाली. वाऱ्याने वाळू सरकते, सुरुंगही सरकतो, असं लिहिलं गेलं. मला विचारलं, मोजणी बरोबर होती? मी म्हणालो, होती. दोनदा खोटं बोललेल्या माणसाला तिसऱ्यांदा अवघड जात नाही. नाईकाला लाकडी पाय मिळाला, तो गावी गेला, दोन पत्रं आली त्याची. दुसऱ्याकडून लिहवून घेतलेली. मी उत्तर दिलं नाही. कोलार इथून दोन तासांवर आहे. मी एकदाही गेलो नाही. तो जाऊन आता बरीच वर्षं झाली.

सुट्टीवर घरी आलो तर मामाने हार घालून मला गावभर फिरवलं. आईने जेवायला वाढलं. नाचणीचे मुद्दे, म्हणजे उकडलेले गोळे, आणि वर पातळ सारू. शेजारची म्हणाली, "केवढा दिसायला लागला गं! किती वर्षांचा झाला आता?" आई ताटातून नजर न काढता म्हणाली, "मला काय ठाऊक. सरकारला विचारा."

मला वाटलं राग आहे, जाईल. गेला नाही. माझं लग्न ठरलं तेव्हा मुलीकडचे पत्रिका मागायला आले. संवत्सर, तिथी, वेळ, सगळं एकट्या आईला ठाऊक. मामाने हात जोडले, मी ओरडलो, सुईण तोवर वारलेली. आई म्हणाली, "सरकारकडे लिहिलेलं आहे, तिथून घ्या." शेवटी भटजींनी सरकारी तारखेवर, म्हणजे मामाच्या लग्नाच्या तारखेवर, माझी पत्रिका मांडली. छत्तीसपैकी एकोणतीस गुण जुळले. बायको भांडणात म्हणायची, "माझे गुण ज्याच्याशी जुळले तो माणूस मला अजून भेटलाच नाही."

पुढे मी नोकरी पुरी केली, बेंगळूरात बनशंकरीला घर बांधलं, आईला आणलं. ती माझ्याशी बोलायची, हसायची, नातवंडांना खेळवायची. बाकी सगळं होतं. फक्त माझं वय तिने कधी उच्चारलं नाही, आणि ते दवाखान्यात लिहून घेताना, रेशन कार्डाच्या वेळी, परत परत कुणीतरी विचारायचंच.

नाईक गेल्याचं कळलं तेव्हा मी तिला सांगितलं. ती ऐंशीच्या पुढे होती. दुपारी दोघं अवरेच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा सोलत बसलो होतो. मी सगळं सांगितलं, खडे, दाणे, साफ म्हणालो ते. मग म्हणालो, "आई, मी पंधराचा होतो गं. तू खरं बोललीस."

ती शेंग सोलायची थांबली नाही. "ते मला कशाला सांगतोस? मला ठाऊकच आहे. त्या साहेबाला सांग."

मी चिडलो. चाळीस वर्षांवर झाली, साहेब कुठला आणि काय. पण ती म्हणाली की मी करतो, कुरकुरत का होईना. फौजेच्या कँटीनच्या रांगेत विचारत गेलो. तिसऱ्या महिन्यात एकाने सांगितलं, ते साहेब याच शहरात, उत्तरेकडच्या एका कॉलनीत राहतात. दोन बस बदलून गेलो.

व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत बसले होते. म्हातारे झाले होते, पण आवाज तोच. मी पावलं जुळवून सॅल्यूट केला, नंबर सांगितला, मग गेटवरची गोष्ट सांगितली. सुईण म्हटल्याबरोबर त्यांना आठवलं. हसले. तेव्हा हसले नव्हते, आता हसले.

मी म्हणालो, "सर, मी खोटं बोललो होतो. मी पंधराचा होतो. माझी आई वेडी नव्हती."

"ते मला तेव्हाच कळलं होतं," साहेब म्हणाले. "खोटं बोलायला कुणी सुईण घेऊन येतं का?"

मी विचारलं, "मग सर?"

"मग काय? मी तुला विचारलं. तू अठरा म्हणालास. मी अठरा लिहिलं. वरून रोज माणसं मागत होते. मला तुझ्या तोंडून हवं होतं, ते तू दिलंस." वर म्हणाले, "तू पंधरा म्हणाला असतास तर सोडलं असतं. शब्द दिला होता मी."

त्यांच्या बाईंनी कॉफी आणली होती. मी घेतली नाही. त्यांनी बिचाऱ्यांनी मुद्दाम केली होती.

घरी आलो तर आई दारातच बसलेली. "भेटला?"

"भेटले."

"सांगितलंस?"

"सांगितलं."

"काय म्हणाला?"

मी वाटेत ठरवलं होतं की अर्धंच सांगायचं. पण तिच्यापुढे खोटं बोलून माझं काय भलं झालं होतं? सगळं सांगितलं. "म्हणाले, तू खरं बोलतेस हे त्यांना तेव्हाच कळलं होतं."

"तेव्हाच?"

"तेव्हाच."

ती रस्त्याकडे बघायला लागली. मला वाटलं आता रडेल, किंवा मला शिव्या देईल. मी दोन्हीला तयार होतो.

"मग निदान पाणी तरी विचारायचं होतं," ती म्हणाली. "म्हाताऱ्या बाईला घेऊन सकाळपासून उभी होते मी. उन्हात."

मी आत जाऊन पाण्याचा पेला आणला. तिने त्याच्याकडे पाहिलं.

"आता नको," म्हणाली, आणि भिंतीचा आधार घेऊन एकटीच उठली.